ब्रेकचे पॅडल मऊ लागते तेव्हा



आज आपण गाडीच्या ब्रेकविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, "ब्रेकची काळजी ड्रायव्हरने करावी. आमचा त्यात काय संबंध?" संबंध आहे. आपला भाजीपाला पिकअपमधून बाजारात जातो. आपली मुले जीपमधून शाळेला जातात. बाजाराच्या दिवशी आपण वडापमध्ये बसतो. ती गाडी वेळेवर थांबली, तरच आपण सुखरूप घरी पोचतो. म्हणून ब्रेक हा साऱ्या गावाचा विषय आहे.

कधी कधी ड्रायव्हर म्हणतो, "ब्रेक जरा मऊ लागतोय. दोन पंप मारले की धरतो." आपण ते हसण्यावारी नेतो. पण साधा हिशेब करा. गाडी तासाला ४० किलोमीटर वेगाने चालली आहे. म्हणजे एका सेकंदात ती ११ मीटर, म्हणजे ३६ फूट पुढे जाते. दोन पंप मारायला एक सेकंद लागला, तर ब्रेक धरायच्या आतच गाडी ३६ फूट पुढे गेली. समोर रस्ता ओलांडणारे पोर असेल, तर हे ३६ फूट कुठून आणायचे?

ब्रेक चालतो कसा?

सायकलचा ब्रेक सळईने किंवा तारेने ओढला जातो. जीप, पिकअप अशा गाड्यांत तारेचे काम तेल करते. आपण पॅडल दाबतो. पॅडलच्या पुढे मास्टर सिलिंडर असतो. त्यातला दट्ट्या तेलाला ढकलतो. तेल नळ्यांतून चारी चाकांकडे दाब नेते. तिथे लायनर किंवा पॅड चाकाच्या ड्रमला वा चकतीला घट्ट धरतात. गाडी थांबते.

बंद जागेतल्या पातळ पदार्थाला एका ठिकाणी दाबले, की तो दाब सगळीकडे सारखा पोचतो. हा नियम सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडला. त्याच नियमावर पुढे तेलाचे ब्रेक निघाले. अमेरिकेत १९२१ साली ड्युझेनबर्ग कंपनीच्या मोटारीला चारी चाकांना असे ब्रेक बसवलेले होते. आज आपल्या गावातली पिकअपही त्याच नियमावर थांबते.

पॅडल मऊ का होते?

सायकलचा पंप घ्या. त्याचे तोंड बोटाने बंद करा आणि दांडा दाबा. दांडा खाली जातो आणि परत उसळतो. का बरं? आत हवा आहे, आणि हवा दाबली जाते. तेल असे दाबले जात नाही. ब्रेकच्या तेलात हवा शिरली, की पायाचा जोर हवा दाबण्यातच खर्च होतो. चाकापर्यंत पुरता पोचत नाही. पॅडल स्पंजसारखे लागते.

दुसरे कारण आहे जुनी रबरी नळी. चॅसीवरून तेल लोखंडी नळीतून जाते. पण चाक वरखाली होते, वळते. म्हणून चाकापाशी रबरी नळी लावतात. तिला होज पाइप म्हणतात. वर्षानुवर्षे ऊन, चिखल आणि तेलाची उष्णता सोसून ती सैल पडते. मोटरपंपाच्या जुन्या पाइपाचे तोंड दाबून धरले, तर तो फुगतो की नाही? तशीच ही नळी आतल्या दाबाने फुगते. तेलाचा जोर नळी फुगवण्यात जातो.

तिसरे कारण आहे तेलात मुरलेले पाणी. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा ओढून घेते. नवे डॉट ३ तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर तेच तेल १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला, की चाके तापतात आणि तेल उकळून त्याची वाफ होते. वाफही हवेसारखी दाबली जाते. पॅडल एकाएकी खाली बसते. खाली येऊन गाडी थंड झाली, की ब्रेक पुन्हा धरतो. मग ड्रायव्हर म्हणतो, "काही नाही, आता ठीक आहे." पण ठीक काहीच झालेले नसते.

चौथे कारण गळती. तेल बाहेर गळेल, किंवा मास्टर सिलिंडरचे आतले रबर झिजून तेल आतल्या आत मागे येईल.

आधी रोग ओळखा

आपल्याकडे म्हण आहे, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. ब्रेकचेही तसेच होते. कोणी सांगतो नळ्या बदला, कोणी सांगतो सिलिंडर बदला. पैसे जातात आणि पॅडल मऊचे मऊच राहते. म्हणून आधी परीक्षा करा. गाडी सपाट जागी उभी करा. चाकांना दगड लावा. हँडब्रेक ओढा. इंजिन सुरू ठेवा.

पहिली परीक्षा. पॅडल जोराने दाबून धरा आणि वीसपर्यंत आकडे मोजा. पॅडल हळूहळू खाली बसत गेले, तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर झिजला आहे.

दुसरी परीक्षा. पॅडल भराभर तीन-चार वेळा दाबा. ते वर आले, पण उसळतच राहिले, तर आत हवा आहे. वर येऊन कडक झाले, तर बहुधा लायनर ड्रमपासून लांब गेले आहेत. ते जुळवून घ्यावेत.

तिसरी परीक्षा. एकाने पॅडल दाबावे आणि सोडावे. दुसऱ्याने बाहेर उभे राहून चाकापाशी असलेली रबरी नळी पाहावी. गाडीखाली मात्र शिरू नये. नळी फुगताना दिसली, तर ती बदलायलाच हवी. नळीला भेगा असतील, ती ओली असेल किंवा टायरला घासली असेल, तरीही बदला.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. पॅडलवर पाय असताना इंजिन सुरू केले, तर पॅडल थोडे खाली जाते. ते बूस्टरमुळे होते. तो दोष नव्हे.

नळ्या बदलताना

आता बाजारात दोन प्रकारच्या नळ्या मिळतात. एक, गाडीच्या कंपनीची रबरी नळी. दुसरी, जाळीची नळी. हिच्या आत टणक टेफ्लॉनची नळी असते आणि बाहेरून पोलादी तारेची वीण असते. ही फारच कमी फुगते, म्हणून पॅडल कडक लागते. पण ती महाग असते. गावच्या गाडीला चांगली नवी रबरी नळीही पुरते. जाळीची घ्यायची, तर आपल्या गाडीच्या मापाची आणि तपासून पास झालेलीच घ्यावी. आणि हे विसरू नका, तेलात हवा असेल, तर कितीही भारी नळी लावा, पॅडल मऊच लागणार.

लोखंडी नळीही पाहावी. कोकणातल्या खाऱ्या हवेने ती गंजते. खताची पोती वाहणाऱ्या गाडीतही गंजते. गंजलेल्या नळीला कापड गुंडाळणे, एम-सील लावणे हे उपाय नव्हेत. आतल्या दाबापुढे ते टिकत नाहीत. कोणी फुटलेल्या चाकाची लाइन ठोकून बंद करतात आणि उरलेल्या चाकांवर गाडी हाकतात. अशी गाडी ब्रेक लावताच एका बाजूला ओढते. हे कधीही करू देऊ नका.

काम माहीतगार मेस्त्रीकडूनच करून घ्या. पण उभे राहून पाहा. समोरच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या एकदमच बदलाव्यात. नळीला पीळ पडू नये. जोडाला जुने तांब्याचे वायसर पुन्हा वापरू नयेत. नळी बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. नळी ताणली जाता कामा नये, आणि टायरला लागता कामा नये.

मग हवा काढायची. चाकाच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या तेलात बुडवतात. एक जण पॅडल दाबून धरतो. दुसरा निपल सैल करतो. तेल आणि बुडबुडे बाहेर येतात. निपल आवळल्यावरच पॅडल सोडायचे. बुडबुडे बंद होईपर्यंत असे करायचे. मधूनमधून वरच्या डब्यात तेल भरत राहायचे, नाहीतर पुन्हा हवा शिरते. बाटलीत आलेले तेल परत वापरायचे नाही. नव्या गाडीत ए.बी.एस. असेल, तर हवा काढायला काही वेळा कंपनीचे यंत्र लागते.

तेलाचा डबा वाचून घ्या

मंडळी, इथे तुमची अक्षरओळख कामाला येते. ब्रेकच्या तेलाच्या डब्यावर इंग्रजीत डॉट आणि पुढे ३ किंवा ४ आकडा छापलेला असतो. गाडीतल्या तेलाच्या डबीच्या झाकणावरही बहुधा तसेच लिहिलेले असते. दोन्ही जुळवून पाहा. डबा सीलबंदच घ्या. उघडा राहिलेला डबा ओलावा ओढतो. ब्रेकमध्ये इंजिनचे ऑइल कधीही घालू नका. त्याने आतले रबर फुगते आणि ब्रेक निकामी होतो. पाणी तर मुळीच नको. साधारण दोन वर्षांनी सगळे तेल बदलावे. बदलले ती तारीख वहीत लिहून ठेवावी.

घाटात आणि बसताना

आंबा घाट असो की वरंधा घाट, उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडू नये. इंजिन बंद झाले, की बूस्टरचा जोर थोड्याच वेळात संपतो आणि पॅडल दगडासारखे जड होते. चार पैशांचे डिझेल वाचवायला माणसे पणाला लावायची का?

गाडी बाजाराला निघायच्या आधी पॅडल दाबून पाहायला एक मिनिट लागते. आणि बसणाऱ्या माणसाचाही हक्क आहे. ड्रायव्हर पुन्हापुन्हा पंप मारताना दिसला, तर सरळ म्हणा, "दादा, गाडी बाजूला घ्या. आधी ब्रेक दाखवा." त्यात त्याचा अपमान नाही. त्याच्याही घरी लेकरे वाट पाहत असतात. एक खेप बुडेल, एक बाजार चुकेल. बुडालेली खेप उद्या भरून निघते. गेलेले माणूस परत येत नाही.

तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. तसेच घाटात उतरल्यावर नळी बदलून भागत नाही. पॅडल मऊ लागले, त्याच दिवशी गाडी उभी करा.

रामराम.