अकराव्या वचनाच्या आधीची दहा वचनं

आपल्या रोजच्या वाचनात आज यिर्मयाचा 29वा अध्याय आलाय. एकूण 32 वचनं. सांगलीहून मिरजेला सिटी बसने जाईपर्यंत आरामात वाचून होतो, खिडकीची सीट मिळाली तर मोठ्याने सुद्धा.

या अध्यायातलं 11वं वचन तुम्ही शंभर टक्के पाहिलेलं आहे. देव म्हणतो की तुमच्याविषयी माझ्या मनात जे बेत आहेत ते भल्याचे आहेत, भविष्य आणि आशा देणारे आहेत. मागे सूर्योदय, खाली फुलं, आणि सकाळी सहाला फॅमिली ग्रुपवर. दहावीच्या निकालाला हेच, लग्नाला हेच, नव्या गाडीलाही हेच.

आता माझ्या एका मित्राचं सांगतो. कराडकडचा आहे, पुण्यात आयटीत होता. कंपनीने माणसं कमी केली, त्यात त्याची नोकरी गेली. इंटरव्ह्यू चालू आहेत, आणि घरून आई रोज न चुकता हेच वचन पाठवते. परवा तो मला म्हणाला, "एक तर हे वचन खोटं आहे, नाहीतर ते माझ्यासाठी नाही. तूच सांग कुठलं."

प्रश्न रास्त आहे. विश्वास कमी पडतोय म्हणून त्याला गप्प बसवणं सोपं होतं, आणि आपल्या मंडळ्यांमध्ये ते बऱ्याचदा होतं. मी त्याला म्हटलं, पहिल्या वचनापासून वाचू. लॉगमधली एकच ओळ बघून बग सापडत नाही, हे तुला मी सांगायला नको.

तर हा अध्याय म्हणजे मुळात एक पत्र आहे. इ.स.पू. 597 मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेमचा राजा यखन्या, त्याची आई, सरदार, सुतार, लोहार असे कामाचे लोक उचलून बाबेलला नेले. यिर्मया मागे यरुशलेमातच राहिला, आणि तिथून त्याने या नेलेल्या लोकांना पत्र धाडलं. अंतर किती? पुढे एज्रा बाबेलहून यरुशलेमला आला तेव्हा त्याला चार महिने लागले. म्हणजे ब्लू टिकची वाट बघत बसायची सोय नव्हती.

त्या लोकांना एकच बातमी हवी होती: घरी कधी जायचं? आणि ती बातमी देणारा माणूस होताही. एक पान मागे जा, 28वा अध्याय. हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येणार. यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू होतं, बैलाच्या मानेवर असतं तसं. हनन्याने ते काढलं आणि सगळ्यांसमोर मोडून टाकलं. काय सीन असेल! आज असता तर त्याचं रील गावोगाव फिरलं असतं. पण त्याचं बोलणं देवाकडून आलेलं नव्हतं, आणि त्याच वर्षी तो मेला.

यिर्मयाचं पत्र बरोबर उलटं बोलतं. घरं बांधा आणि त्यात राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलांची लग्नं लावून द्या.

इथे मी बागेपाशी थांबलो. आपल्याकडे तासगावात द्राक्षाची बाग कशी उभी राहते ते तुम्हाला माहीत आहे. आधी खुंट लावायचे, मग त्यावर कलम, मग मांडव, आणि पहिला घड हाताला लागेपर्यंत दीड-दोन वर्षं सहज जातात. दोन वर्षांत गाव सोडायचं ठरलेला माणूस बाग लावेल का? तो फार तर कोथिंबीर लावेल. हनन्यावर ज्याचा विश्वास बसला, त्याने बाबेलात बाग लावलीच नसणार. खोट्या आशेमुळे नुसती निराशाच पदरी येत नाही, तर वाट बघण्याच्या नावाखाली आजचं कामही राहून जातं.

मग सातवं वचन, माझ्या मते अख्ख्या पत्रातलं सगळ्यात जड. ज्या शहरात मी तुम्हाला पाठवलंय त्याचं भलं पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यात तुमचं भलं आहे. कुठलं शहर? ज्यांनी घरं लुटली त्यांचं! आपण पुण्यात राहणारी सातारा-सांगलीची पोरं काय करतो? शुक्रवारी रात्री खंबाटकी घाट ओलांडला की जीवात जीव येतो, आणि रविवारी रात्री परत जाताना तोंड उतरतं. रूमच्या शेजारी कोण राहतं ते माहीत नसतं. पुणं म्हणजे पगार, बास. आणि आपल्याला तर कुणी कैद करून नेलेलं नाही.

परक्या शहराचं भलं बघणं म्हणजे काय, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस कॅनडात जन्मले. त्यांनी 1894 मध्ये मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं आणि आयुष्यातली तीसहून जास्त वर्षं या भागात काढली. त्यांना कुणी बंदिवान करून आणलं नव्हतं, ते स्वतःहून आले, हा फरक आहेच. पण आज सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडी म्हणताना हे एका परदेशी डॉक्टरचं आडनाव आहे, हे कुणाच्या मनातही येत नाही. इतकं ते नाव इथलं होऊन गेलं.

आणि दहावं वचन. अकराव्याला अगदी खेटून असलेलं, तरी स्टेटसवर कधीच न दिसणारं. बाबेलची 70 वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. सत्तर! पत्र ऐकणारा माझ्या वयाचा, 28चा असेल, तर हिशोब करा, 98. म्हणजे ज्यांच्या कानावर हे अभिवचन पहिल्यांदा पडलं, त्यातल्या बहुतेकांनी यरुशलेम पुन्हा पाहिलं नाही.

इथे आपली मराठी थोडी फसवते. 'तुमच्याविषयी' वाचलं की आपल्याला वाटतं, देव आदराने मला एकट्याला बोलतोय. मूळ हिब्रूमध्ये तो शब्द अनेकवचनी आहे. पत्र अख्ख्या समाजाला लिहिलंय, पोरांना आणि नातवंडांना धरून. आणखी एक गंमत: अकराव्या वचनातल्या भल्याला हिब्रूत 'शालोम' आहे, आणि सातव्या वचनात शहराच्या भल्यालाही तोच शब्द आहे. दोन्ही वचनं एकमेकांना बांधलेली आहेत. आपण एक फोटोसाठी कापून घेतलं.

आपण सुरू करायचं आणि पुढच्याने पुरं करायचं, हे साताऱ्याला नवीन नाही. रेव्हरंड टिळक 1917 मध्ये साताऱ्याला येऊन राहिले, तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला आणि 1919 मध्ये ते गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' अर्धवटच राहिलं होतं. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी, ज्यांचं शाळेतलं शिक्षण झालेलंच नव्हतं.

मित्राला मी काय सांगितलं? सांगितलं की वचन खोटं नाही, पण नोकरीची तारीख त्यात नाही. मी तारीख सांगितली तर मी हनन्या. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग आई पाठवते ते?" मी म्हटलं, आईला पाठवू दे. तिला तुझी काळजी आहे, तिच्याकडे तेवढंच आहे. तू फक्त तिला फोन करून सातवं वाचून दाखव.

त्याने दाखवलं की नाही, मी विचारलेलं नाही. सध्या तो राहतो त्या सोसायटीतल्या वॉचमनच्या मुलाला संध्याकाळी गणित शिकवतो. नोकरी अजून मिळालेली नाही. तुमच्या प्रार्थनेत त्याची आठवण ठेवा.

उद्यासाठी वाचन: मधले दोन अध्याय जमतील तसे वाचा, पण 32वा चुकवू नका. शहराला बाबेलच्या फौजेचा वेढा पडलाय, यिर्मया स्वतः पहाऱ्यात आहे, आणि अशा वेळी हा माणूस चुलतभावाकडून अनाथोथातलं शेत विकत घेतो. 17 शेकेल चांदी मोजून, साक्षीदारांच्या सह्या घेऊन, आणि खरेदीखत मातीच्या मडक्यात ठेवायला सांगून. ज्या जमिनीवर शत्रू उभा आहे तिचा सातबारा कोण आपल्या नावावर करून घेतं? वाचून या, उद्या बोलू.