गोळी आणि पोलादी पत्रा

रायफलची गोळी पोलादी पत्र्यावर आदळली म्हणजे काय होतें, हा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या क्रमिक पुस्तकांत शोभेल असा आहे. परंतु १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत असंख्य शिपायांचें जगणें-मरणें त्याच्या उत्तरावर अवलंबून होतें.

१९१५ सालीं फ्रान्सच्या आघाडीवर जर्मन नेमबाज खंदकाच्या कांठाला पोलादी पत्रे उभे करून त्यांआडून गोळ्या झाडीत. आपल्या किल्ल्यांच्या तटाला जशा जंग्या असतात, तसेंच या पत्र्याला एक लहानसें भोंक असे. ब्रिटिश शिपायाची ०.३०३ इंची रायफल त्यापुढें हतबल ठरे. तिची गोळी नळींतून सुटतांना सेकंदाला सुमारें २,४४० फूट धांवते. तेव्हां उणीव वेगाची नव्हती, काठिण्याची होती. तिचा गाभा मुख्यतः शिशाचा, आणि वर तांबें व निकेल यांच्या मिश्रधातूचें पातळ वेष्टण. कठीण पत्र्यावर आपटतांच ती चपटी होते, तिचा जोर रुंद जागेवर पसरतो आणि शिशाचे शिंतोडे तेवढे उडतात.

यावर तोड निघाली ती शिकाऱ्यांच्या बंदुकांतून! हेस्केथ-प्रिचर्ड या नामांकित शिकाऱ्यानें हत्तीच्या शिकारीच्या भारी रायफली आघाडीवर नेल्या, आणि पत्रे फुटूं लागले.

जर्मनांनीं याच कोड्याचें उत्तर निराळ्या रीतीनें काढलें. बंदूक तीच ठेवून त्यांनीं ७.९२ मिलिमीटर गोळीच्या पोटांत कठीण पोलादाची सळई बसविली. वरचें वेष्टण फाटून मागें राहतें, पण सळईचें टोंक बोथट होत नाहीं. सारा जोर टिचभरही नव्हे, तर पेन्सिलीएवढ्या जागेवर एकवटतो. १५ सप्टेंबर १९१६ रोजीं सोमच्या रणांगणावर ब्रिटिशांचे रणगाडे प्रथम अवतरले, तेव्हां त्यांचें चिलखत ६ ते १२ मिलिमीटर जाड होतें. ११ एप्रिल १९१७ रोजीं ब्युलकूर येथें त्याची खरी कसोटी लागली. तेथें पाठविलेल्या रणगाड्यांत केवळ शिक्षणासाठीं बांधलेले, बिनकडक पत्र्याचेही होते! नव्या गोळ्या त्यांतून आरपार गेल्या. असल्या गाड्यांत माणसें बसवून त्यांना लढाईवर धाडणें हा निष्काळजीपणा कोणत्याही सबबीनें झांकत नाहीं. दोन महिन्यांनीं मेसीनच्या लढाईंत आलेल्या नव्या रणगाड्यांचें चिलखत सुधारलेलें होतें. त्या गोळीला तें पुष्कळसें दाद देईना.

यांत कोनाचें महत्त्व मोठें आहे. गोळीसमोर सरळ उभा असलेला १२ मिलिमीटरचा पत्रा साठ अंशांनीं कलता केला, तर तिच्या वाटेंत २४ मिलिमीटर पोलाद येतें. शिवाय ती घसरून जाण्याचा संभव वाढतो तो वेगळाच. तरीही पत्रा फुटला नाहीं म्हणजे आंतील माणूस सुरक्षित, असें मात्र नव्हे. बाहेर चुरडलेल्या गोळीचे तप्त कण सांध्यांतून आंत शिरत, आंतल्या बाजूनें पोलादाचे कपचे उडत. म्हणून रणगाड्यांतील आठ माणसांना कातड्याचे, तोंडावर लोखंडी कड्यांची जाळी सोडलेले मुखवटे देण्यांत आले. आंतील उकाड्यांत ते चढवून बसणें ही एक शिक्षाच होती.

१९१८ सालीं जर्मनांनीं पुन्हां आकाराचाच आश्रय घेतला. माउझर कारखान्याच्या १३.२ मिलिमीटर रायफलीची गोळी शंभर मीटरांवर सुमारें २० मिलिमीटर पोलाद भेदी. ही रायफल माणसाच्या उंचीएवढी लांब, एका वेळीं एकच काडतूस घेणारी, आणि ती चालवावयास दोन शिपाई लागत. झाडतांना बसणारा धक्का शमविण्याची कोणतीही योजना तींत नव्हती; तो सगळा झाडणाऱ्याच्या खांद्यानेंच सोसावयाचा असे.