व्हिडिओ कॉलवर आपणच बोलूया

मैत्रिणींनो, सकाळची कामं आवरली असतील तर निवांत बसून ऐका. नसतील आवरली तर हात चालू ठेवा, कान तेवढे इकडं द्या. आज आम्ही व्हिडिओ कॉलविषयी बोलणार आहोत. मुंबईतल्या नातवाचं तोंड बघायला लावतो तो कॉल नव्हे. आजचा विषय आहे कामाचा कॉल.

2020 च्या लॉकडाऊनपासून आपल्या उमेद अभियानाच्या बैठका आणि प्रशिक्षणं मोबाईलवर व्हायला लागली. 12 ऑगस्ट 2021 ला पंतप्रधान देशभरातल्या बचत गटांच्या महिलांशी बोलले, तेही व्हिडिओवरूनच. बँकांना व्हिडिओवरून केवायसी करायची परवानगी रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2020 मध्येच दिली. आणि आता माल घेणारा दुकानदारही म्हणतो, "ताई, जरा व्हिडिओवर दाखवा की." म्हणजे पूर्वी तालुक्याला जाऊन साहेबांसमोर उभं राहावं लागायचं, तसं आता या चार बोटांच्या काचेसमोर बसावं लागतं. तिथं कसं दिसायचं, कसं बोलायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही ठेच लागून शिकलो. तीच गोष्ट आधी सांगतो.

आमचा गट भुदरगड तालुक्यातला, दहा जणींचा. आम्ही कांदा-लसूण चटणी करतो. दोन वर्षांपूर्वी गटातून अंतर्गत कर्ज काढलं आणि उन्हाळ्यातच गडहिंग्लजच्या बाजारातून मिरची आणून ठेवली. जुलैत पुण्याच्या एका दुकानदाराचा फोन आला. दिवाळीसाठी 50 किलो चटणी हवी होती, पण आधी गट आणि काम व्हिडिओवर बघायचं होतं.

आम्ही काय केलं? लग्नाला जावं तशा जरीच्या साड्या नेसलो. दाराकडं पाठ करून ओळीनं बसलो. वर पत्रा, आणि पाऊस असा की शेजारणीचं बोलणं ऐकू येईना. फोन एका वहिनीच्या पुतण्याचा, म्हणून तो धरून तोच पुढं बसला. पडद्यावर नाव आलं 'रांगडा राजा'. दुकानदार हसून म्हणाले, "राजे, जरा ताईंना बोलू द्या." पण आम्ही एकमेकींना कोपरानं ढकलत बसलो. त्यांनी विचारलं, तेल कुठलं वापरता? पुतण्या म्हणाला, "रिफाईंड असंल."

मैत्रिणींनो, आम्ही आजवर शेंगतेलाशिवाय चटणी केलेली नाही. दहा जणींना ते ठाऊक होतं आणि दहाही जणी गप्प बसलो. ऑर्डर आली नाही. मिरचीचं कर्ज मात्र हप्त्याहप्त्यानं फेडावंच लागलं. पुतण्याला बोल लावून उपयोग नव्हता. पोरगं मदतीलाच आलं होतं. त्याच्या पुढ्यात उत्तर ठेवलं आम्ही, आणि ते उत्तर आमचं होतं.

त्यानंतरच्या आठवड्याच्या बैठकीत बचत गोळा झाल्यावर आम्ही एकच विषय घेतला: काय चुकलं? तिथून जे शिकलो, ते आता एकेक करून सांगतो.

पहिलं उजेडाचं. खिडकी किंवा दार आपल्या तोंडासमोर पाहिजे, पाठीमागं नको. पाठीमागं उजेड असला की आपण पडद्यावर काळी सावली होतो. फोनची मागची-पुढची काच पदरानं पुसून घ्या. पिठाचा, तेलाचा हात लागलेला असतो, म्हणून चित्र धुरकट दिसतं.

दुसरं फोन ठेवायचं. हातात धरला की हलतो आणि बांगड्यांचा आवाज सगळा त्यातच जातो. बांगड्या काढायची गरज नाही, फोन हातातून काढा. दोन डबे एकावर एक ठेवून त्याला टेकवा, आपल्या डोळ्यांच्या उंचीला येईल असा. खाली ठेवला तर समोरच्याला आपली हनुवटी आणि घराचं आढं दिसतं. बोलताना आपलंच चित्र बघत बसू नका. वरच्या बारीक गोल काचेकडं, कॅमेऱ्याकडं बघा, म्हणजे त्या माणसाला वाटतं आपण त्याच्याकडं बघून बोलतोय.

तिसरं साडीचं. नवी साडी लागत नाही. स्वच्छ, एकरंगी असली की झालं. चमकणारी जर उजेड परतवते आणि बारीक चौकड्या पडद्यावर थरथरतात. पाठीमागं वाळत घातलेले कपडे नकोत. साधी भिंत आणि शेजारी आपला माल नीट मांडलेला, एवढं पुरे.

चौथं आवाजाचं, आणि हे सगळ्यात मोठं. चित्र थोडं अडकलं तर चालतं, बोलणं कळलं नाही तर काम बुडतं. पावसाळ्यात पत्र्याखाली बसू नका. आम्ही आता शेजारच्या स्लॅबच्या घरात बसतो. पंखा, टीव्ही, मिक्सर बंद. वायरचा साधा हेडफोन असेल तर लावा. एकाच खोलीत दोन फोनवरून एकाच मिटिंगला बसू नका, कर्कश शिट्टी वाजते. आणि रानात हाक मारल्यासारखं ओरडायचं नाही. फोनला ऐकू येतं. समोरच्याचं बोलणं पोचायला क्षणभर उशीर होतो, म्हणून त्याचं वाक्य संपलं की एक श्वास घ्या आणि मग बोला. मोठ्या मिटिंगमध्ये आपली पाळी नसताना माइक बंद ठेवा, नाहीतर घरातलं भांडण जिल्ह्याला ऐकू जातं. झालंय असं.

पाचवं, रेंज आणि नेट. आदल्या दिवशी त्याच जागेवर, त्याच वेळेला एक कॉल लावून बघा. तासाभराच्या व्हिडिओ कॉलला अर्धा जीबी किंवा त्याहूनही जास्त नेट जातं, तेवढं शिल्लक ठेवा. फोन आधी चार्ज करा, लाइटीचा भरवसा नाही. कॉल तुटलाच तर घाबरू नका. साधा फोन लावा आणि सांगा, "रेंज गेली, आपण इथूनच बोलू."

आता बोलण्याचं. पुष्कळ जणी म्हणतात, आम्हाला शुद्ध बोलता येत नाही. आमच्या आक्काही तेच म्हणायच्या. आमची चटणी डंकावर त्यांच्या नजरेखाली होते, पण फोन दिसला की त्या चुलीपाशी पळायच्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका दुकानाचा कॉल आला तेव्हा आम्ही त्यांनाच पुढं बसवलं. विचारलं गेलं, चटणी टिकते का? आक्का म्हणाल्या, "टिकतीया की. शेंगतेलच घालतो, कांदा तळून कोरडा केल्याबिगर घालत न्हाई. पर वला चमचा घातलासा तर माझी जबाबदारी न्हाई." पलीकडून हसू आलं आणि 20 किलोची ऑर्डरही आली. पहिल्या दुकानदाराच्या 50 किलोंपेक्षा ती कमी होती, पण ती आमच्या तोंडून आली होती.

तेव्हा भाषा बदलू नका. जरा सावकाश बोला आणि आकडे दोनदा सांगा. "किलोला चारशे ऐंशी, चार-आठ-शून्य." भाव, वजन, किती दिवसांत देणार, एफएसएसएआयचा 14 आकडी नोंदणी क्रमांक हे सगळं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवा. एखादी गोष्ट माहीत नसेल तर अंदाजानं सांगू नका. "गटात विचारून उद्या दुपारपर्यंत कळवते" म्हणा, आणि खरंच कळवा. कॉल संपला की जे ठरलं ते व्हॉट्सॲपवर चार ओळीत लिहून पाठवा.

आणखी एक, नावाचं. पडद्यावर आपलं आणि गटाचं नाव दिसलं पाहिजे, मुलाचं किंवा मालकांचं नको. नावाचं मोल काय असतं ते आपण कोल्हापूरकरांनी 2025 मध्ये पाहिलं. जूनमध्ये इटलीत प्राडा कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. 2019 पासून या चपलेला भौगोलिक मानांकन आहे. इथून आवाज उठला, तेव्हा कंपनीनं भारतीय कारागिरीचा वारसा मान्य केला आणि जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. आपण नाव सांगितलं नाही, तर दुसरा कोण सांगणार?

जाता जाता एक सावधगिरी. समोरचा माणूस नीटनेटका दिसतो म्हणून तो खरा असतो असं नाही. पोलिसाचा गणवेश घालून, मागं कचेरी मांडून "तुम्हाला डिजिटल अटक केली आहे" असं धमकावणारे चोर व्हिडिओवरच येतात. व्हिडिओ कॉलवर अटक करायची कायद्यात सोयच नाही. असा कॉल कापा, कुणालाही ओटीपी सांगू नका, आणि पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन करा.

आता तुमच्यासाठी काम. येत्या बैठकीत पंचसूत्री झाली की दहा मिनिटं काढा. दोन फोन, दोन खोल्या. एकीनं दुकानदार व्हायचं, आडवे-तिडवे प्रश्न विचारायचे, दुसरीनं उत्तरं द्यायची. दर आठवड्याला बोलणारी बदला. सगळ्यात कमी बोलणारी जी असेल, तिची पाळी आधी. हसाल, चुकाल, चालतंय. घरातल्या घरात चुकलं तर मिरचीचं कर्ज अंगावर येत नाही.

फोन लावून द्यायला पोरं असू देत. उत्तर मात्र आपणच देऊया.