नाक, नजर आणि अपेक्षा



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांच्या हाताखाली याच शाळेत मी मराठी आणि संस्कृत शिकलो. बडोद्यात राहून मराठी शुद्ध बोलता यावी, हा त्यांचा आग्रह आणि आमचा धाक. व्याख्यानाचा विषय कोणता, असे चिटणिसांनी विचारले तेव्हा मी 'नाक' असे उत्तर दिले. क्षणभर त्यांना वाटले, निवृत्त प्राध्यापक थट्टा करीत आहेत. विषय मात्र थट्टेचा नाही. थट्टेतून निघाला, एवढे खरे.

माझी नात सव्वीस वर्षांची आहे. तिचे नाक लहानपणापासून थोडे बसके. मी तिला लाडाने 'नकटी' म्हणत असे. आपल्या भाषेत नाकाला मान फार मोठा. अब्रू गेली की नाक कापले जाते, गर्व झाला की ते वर होते, शरण जायचे तर ते घासावे लागते. सरळमार्गी माणूस नाकासमोर चालतो, आणि नकटीच्या लग्नाला तर सतराशे विघ्ने! मी आयुष्यभर हे वाक्प्रचार शिकवले. त्यांतला एखादा आपल्याच घरात कुणाला बोचत असेल, हे मात्र माझ्या ध्यानात आले नाही. दीड वर्षापूर्वी तिने सांगितले, "आजोबा, मी नाकाची शस्त्रक्रिया करून घेणार आहे. पैसे माझे आहेत. तुम्ही फक्त डॉक्टरांकडे सोबत चला." मी गेलो. त्या दिवशी जे ऐकले आणि त्यानंतर जे वाचले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

ही विद्या आपल्याला परकी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात तुटलेले नाक पुन्हा जोडण्याचा विधी आहे. वेलीच्या पानाने नाकाचे माप घ्यावे, त्या मापाची त्वचा गालावरून सोडवून नाकाच्या जागी बसवावी, श्वासासाठी नळ्या ठेवाव्यात, असा तो क्रम. भाषेचा विद्यार्थी म्हणून मला त्याचा शेवट महत्त्वाचा वाटतो. नाक कमी भरले तर ते वाढविण्याचा प्रयत्न करावा, मांस अधिक वाढले तर ते सारखे करावे, असे तेथे सांगितले आहे. 'वाढेल' असे म्हटलेले नाही, 'प्रयत्न करावा' असे म्हटले आहे. पहिल्या खेपेस काम पुरे होईलच असे नाही, ही कबुली ग्रंथकाराने विधीतच देऊन ठेवली आहे.

दुसरे उदाहरण आपल्या पेशवाईतले. कावसजी नावाचा एक बैलगाडीवान १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर होता. तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला, आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो बिननाकाने वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा घडविणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. मेणाचे पातळ पान नाकाच्या जागी बसवून माप घेतले, ते कपाळावर पसरून तेवढी कातडी सोडवली, दोन डोळ्यांमधला एक दुवा कायम ठेवून ती खाली वळवली आणि काताच्या लेपाने बसवली. सुमारे पंचविसाव्या दिवशी तो दुवा कापला. दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिलेली ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये चित्रासह छापून आली. त्यात कारागिराचे नाव मात्र नाही. पुढे १८१४ मध्ये कार्प्यू या लंडनच्या शल्यवैद्याने हीच रीत अनुसरून एका लष्करी अधिकाऱ्याचे नाक घडविले. पट्टी निघाली तेव्हा पाहणाऱ्यांना नवल वाटले ते नाक सुंदर असल्याचे नव्हे, ते असल्याचे!

कावसजीची अपेक्षा काय असेल? चारचौघांत जाता यावे, पोरांनी मागे लागू नये, इतकीच असावी. नव्या नाकाने त्याचा तुटलेला हात परत आला नाही, आणि येईल असे त्याला कुणी सांगितलेही नसेल.

शंभर वर्षांनी चित्र पालटले. १८९८ मध्ये बर्लिनच्या जॅक जोसेफ या शल्यवैद्याने धडधाकट माणसाचे मोठे नाक लहान करण्याची शस्त्रक्रिया वैद्यकसभेपुढे मांडली. नाकापायी तो माणूस लोकांत मिसळेनासा झाला होता. जोसेफ स्वतः ज्यू होते. नाकावरून आपल्याला कोणी ओळखू नये, यासाठी त्यांच्याकडे येणाऱ्यांत ज्यू पुष्कळ होते. येथे गेलेले नाक परत मिळवायचे नव्हते. लोकांच्या नजरेतून सुटायचे होते. आणि नजर ही काही शल्यवैद्याच्या सुरीखाली येणारी वस्तू नव्हे. अपेक्षेचा घोटाळा येथून सुरू होतो.

आपल्या नजरेचेच पाहा. सयाजीराव महाराजांनी १८८८ मध्ये राजा रविवर्म्याला चौदा पौराणिक चित्रांचे काम दिले. पुढे त्याच्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर आल्या, आणि सरळ, रेखीव नाक हेच देवीचे नाक ठरले. आमच्या दांडिया बाजारातल्या घरातही ती लक्ष्मी होती. आता भिंतीची जागा मोबाईलने घेतली आहे. हातभर अंतरावरून स्वतःच टिपलेल्या छायाचित्रात नाक असते त्याहून मोठे दिसते. सुमारे एक फुटावरून ते जवळजवळ ३० टक्के रुंद दिसते, असा हिशेब २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. म्हणजे ज्या नाकाचा आपण राग करतो, ते कित्येकदा आपले नसतेच.

आता डॉक्टरांकडची गोष्ट. त्यांनी नातीला आधी प्रश्न विचारला, "नेमके काय खुपते? आणि हे कोणासाठी?" तिने सांगितले, दांडा बसका आहे, आणि एका बाजूने श्वास नीट येत नाही. लग्न जमावे म्हणून आलेली नाही. तेव्हा ते पुढे बोलले. "आम्ही आतले हाड आणि कूर्चा बदलतो. वरची त्वचा तुमचीच राहते. ती जाड असेल तर आतले बारीक काम बाहेर दिसत नाही. बदल मिलिमीटरमध्ये मोजायचा असतो. संगणकावरचे चित्र आपले बोलणे नीट व्हावे म्हणून आहे. ते वचन नव्हे." कोणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो, हे त्यांनी तिच्याच छायाचित्रावर दाखविले. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, भुलेचे धोके त्यांनी लपविले नाहीत. काहींना दुसरी शस्त्रक्रिया लागते, आणि तिच्यासाठी साधारण वर्षभर तरी थांबावे लागते, हेही सांगितले.

मी विचारले, "एवढे करून कोणी नाखूश राहतो का?" ते म्हणाले, काहींचे दुःख नाकात नसतेच. दुसऱ्याला जेमतेम दिसणारे व्यंग त्यांना दिवसभर छळते. एन्रिको मोर्सेली या इटालियन वैद्याने १८९१ मध्येच या विकाराला नाव दिले होते. अशा माणसाचे समाधान शस्त्रक्रियेने सहसा होत नाही. त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे लागते, आणि शल्यवैद्याने त्याला नकार देणे हाही उपचारच होय.

शस्त्रक्रिया झाली. नाकातल्या पडद्याची कूर्चा घेऊन दांडा किंचित उचलला. आठवड्याने वरची पट्टी निघाली तेव्हा डोळ्यांभोवती काळेनिळे आणि नाक पूर्वीपेक्षा मोठे! ती रडली. सूज आहे, हे आधी सांगितलेले होते, पण सांगितलेले आणि सोसलेले यांत अंतर असते. बरीचशी सूज काही महिन्यांत उतरली. शेंड्याची पूर्ण उतरायला वर्ष लागते, क्वचित अधिकही. आज वर्ष होऊन गेले आहे. श्वास मोकळा झाला, दांडा थोडा वर आला. शेंडा अजून रेसभर डावीकडे आहे, असे ती म्हणते. मला तो दिसत नाही. घरच्या एका लग्नात तिच्या आत्याने विचारले, "चष्मा बदललास का ग?" नाकाकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. ती घरी येऊन हसली. मला वाटते, शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याची ती खूण होती.

मात्र एक गोष्ट त्या मेजावर सुटण्याजोगी नव्हती. एका संध्याकाळी ती म्हणाली, "आजोबा, नाक डॉक्टरांनी उचलले. 'नकटी' तुम्ही काढून घ्या." माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी क्षमा मागितली.

तेव्हा मला गुरुजी आठवले. आठवीत असताना मी वर्गातल्या एका मुलाला 'चपट्या' म्हटले होते. गुरुजींनी मला मारले नाही. हजेरीपट माझ्या हातात दिला आणि त्या मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव मोठ्याने वाचायला लावले. मग म्हणाले, "हे त्याचे नाव. दुसरे ठेवण्याचा अधिकार तुला कोणी दिला?" हा धडा मी पन्नासाहून अधिक वर्षे विसरून राहिलो, आणि विसरलो तो माझ्याच घरात.

येथे जमलेल्या आईवडिलांना माझी विनंती एवढीच आहे. तुमचा मुलगा किंवा मुलगी अशी इच्छा घेऊन आली, तर तिला हसू नका आणि घाईही करू नका. नेमके काय बदलायचे ते शब्दांत सांगायला लावा. चेहऱ्याची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबा. 'नक्की तसेच होईल' असे सांगणाऱ्यापेक्षा 'एवढे होईल, एवढे होणार नाही' असे सांगणाऱ्या डॉक्टरांवर विश्वास ठेवा. नाकाने आधी श्वास घ्यायचा असतो, हे विसरू नका. आणि आपण घरात कोणते नाव ठेवले होते, तेही आठवून पाहा.