दारिद्र्याचे मोजमाप : मिळकतीपलीकडे

(विष्णुपुरी येथे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



‘दारिद्र्यरेषा’ हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर व डॉ. नीळकंठ रथ यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दररोज २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ही कसोटी धरली होती. १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात ती दरमहा दरडोई १५ रुपये येत असे. भुकेला आकडा मिळाला, हे कार्य मोठेच होते.

परंतु रुपयांनी सर्वच गरजा भागत नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दिवसांत बऱ्या मिळकतीच्या घरातील नळही कोरडाच होता.

मिळकतीपलीकडची ही उणीव मोजण्याचे कामही पुढे दांडेकरांकडेच आले. प्रादेशिक असमतोलाविषयी त्यांच्या समितीने १९८४ मध्ये दिलेल्या अहवालात रस्ते, सिंचन, ग्रामविद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा आदी नऊ क्षेत्रांतील प्रत्येक जिल्ह्याची तूट काढण्यात आली. ‘अनुशेष’ हा शब्द मराठवाड्यात रुजला तो तेव्हापासून. मात्र जिल्ह्याचा अनुशेष भरला, तरी एखाद्या वस्तीचा उरतोच.

घराघराचा अनुशेष मोजण्याची पद्धत ऑक्सफर्ड विद्यापीठ व संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांनी २०१० साली जगापुढे मांडली. नीती आयोगाने ती १२ निकषांवर भारतास लागू केली. आरोग्य, शिक्षण व राहणीमान यांना सारखेच वजन असून ज्या घराची एकूण तूट एकतृतीयांश वा अधिक, ते दरिद्री. या मापाने देशातील दारिद्र्य २०१५-१६ मधील २४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आले.

समाधानाची गोष्ट खरी. तथापि मापाची मर्यादाही ध्यानी घ्यावी. राहणीमानाचे निकष सात. त्यांपैकी सहा गोष्टी नसलेले घर, अन्य तूट नसल्यास, दरिद्री गणले जात नाही! उलट, ज्या घरात कोणीही सहा वर्षे शिकलेले नाही आणि एक मूल शाळेबाहेर आहे, ते तेवढ्यानेच गणले जाते. शिक्षकबंधूंनी हे विशेष लक्षात ठेवावे.

आपल्या गावात अंगणवाडीची वजनाची नोंदवही, शाळेचा हजेरीपट व घरकुलांची यादी तीन ठिकाणी असतात. कुपोषित बालक, शाळा सोडलेली त्याची बहीण आणि पडके छप्पर ही एकाच घरातील असली, तरी कोणत्याही एका दप्तरात ते घर पुरते दिसत नाही. येत्या ग्रामसभेपूर्वी ही तिन्ही दप्तरे शेजारी ठेवून पाहावीत. नळजोडणी आहे काय, एवढ्यावर न थांबता मे महिन्यात किती दिवस पाणी आले, हेही लिहून घ्यावे.