भुताची गोष्ट सांगताना

(स्नेहमेळाव्यात, लोणारच्या फेरीनंतर संध्याकाळी केलेलं भाषण)



आज सकाळी तुम्ही माझ्यामागे दैत्यसूदन मंदिरापासून धारेवर आलात, तिथून सरोवराच्या काठापर्यंत उतरलात आणि पुन्हा वर चढूनही आलात. साठीला आलेल्या गुडघ्यांनी हे जमवलं, म्हणून आधी तुमचे आभार.

निवृत्तीनंतर मी पाहुण्यांना अशीच फेरी घडवतो. उल्का, बेसॉल्ट, जवळजवळ दोन किलोमीटरचा व्यास, सगळं सांगतो. लोक मान डोलावतात. पण ‘इथे एक असुर राहायचा’ म्हटलं की मोबाईल खिशात जातात. तिकडे आइसलँडमध्ये, रेक्याविक शहरात, भुताखेतांच्या गोष्टी सांगत पाहुण्यांना गल्लीबोळांतून फिरवतात. ते वाचून मी मनात म्हटलं, आपल्या बुलडाणा जिल्ह्यात गोष्टींचा काय दुष्काळ आहे का?

लवणासुराची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. तो जमिनीखाली दडून राहायचा. विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेतलं, असुराच्या बहिणींना भुलवून त्याची जागा काढून घेतली आणि पायाच्या अंगठ्यानं वरचं झाकण उडवून दिलं. ते दूर जाऊन पडलं, त्याची टेकडी झाली. सरोवराचं पाणी म्हणजे असुराचं रक्त आणि त्यातला खार म्हणजे त्याचं मांस. जून 2020 मध्ये पाणी खरोखर गुलाबी झालं, तेव्हा तुमच्यापैकी निम्म्यांचे मला फोन आले होते, ‘लवणासुर जागा झाला का रे?’ म्हणून. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला होता. पुढे रंग गेला. गोष्ट राहिली. तिनं कुणाचं काही बिघडवलं नाही.

दुसरी गोष्ट चकव्याची. विवरातल्या झाडीत चकवा लागतो, माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, असं आपली आजी-आजोबा मंडळी सांगायची. आज तुम्ही पाहिलंत. काठ गोल, चहूकडे सारखीच कडा, सारखीच वेडी बाभूळ. खूण धरायला काही नाही. माणूस फिरून त्याच जागी आला तर नवल ते काय? आणि पाण्यात साती आसरा ओढून नेतात, या गोष्टीनं कितीतरी पोरांना काठच्या चिखलापासून दूर ठेवलं असेल. आयांनी घातलेलं ते कुंपणच होतं.

आता तिसरी गोष्ट. ती सकाळी कमळजादेवीच्या देवळाशी सांगायची होती, पण धीर झाला नाही.

1980 च्या हिवाळ्यात, नववीत असताना, आपली सहल इथेच आली होती. आपल्या वर्गातली एक मुलगी देवळामागे मागे राहिली. परत आली तेव्हा चेहरा उतरलेला, अंग तापलेलं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. मधल्या सुट्टीत मी पोरांना सांगितलं, “तिले आसरा लागल्या. पाण्याकडं तोंड करून कोणाशी तरी बोलत होती. म्या पाह्यलं.”

मी काहीही पाहिलं नव्हतं. माझ्याभोवती पोरं जमली, एवढंच मला हवं होतं.

ती गोष्ट संध्याकाळपर्यंत गावात पोचली आणि रात्रीपर्यंत तिच्या घरी. तिला बाहेरचं काढायला नेलं. धूर, मार, उपास. पंधरा दिवसांनी दवाखान्यात नेलं, तेव्हा मलेरिया निघाला. ती वाचली. पण ‘झपाटलेली पोर’ हे नाव काही सुटलं नाही. आपल्या बाई दोनदा तिच्या घरी गेल्या, शाळेत पाठवा म्हणून हात जोडले. बाई, तुम्ही समोर बसला आहात. तुम्ही वर्गात विचारलं होतं, ही गोष्ट कुणी उठवली? मी मान खाली घालून बसलो होतो. आज पंचेचाळीस वर्षांनी उभा राहून सांगतो, मी.

2013 साली आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं आता गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला आणि त्यांचा खून झाल्यावरच तो वटहुकूम निघाला. तेव्हा पेपर वाचताना मला दाभोलकर दिसत होते आणि नववीच्या वर्गातला तो रिकामा बाकही दिसत होता. मारणाऱ्याला कायदा पकडेल. पण मधल्या सुट्टीत तोंड उघडणाऱ्या पोराला कोण पकडणार?

म्हणून फेरीत मी एक नियम पाळतो. असुराची गोष्ट सांगायची, चकव्याची सांगायची, पिंपळावरच्या मुंजाचीसुद्धा सांगायची. पण जित्या माणसाच्या अंगावर भूत घालायचं नाही. कुणी पाहुणा ‘आमच्या गावात एक बाई आहे...’ म्हणून सुरू झाला, तर मी त्याला तिथेच थांबवतो.

ती आज आली आहे. दुपारी पंगतीत माझ्या शेजारी बसली. भाकरी मोडता मोडता म्हणाली, “खरं सांग, त्या दिवशी तुले काय दिसलं होतं?”

म्हटलं, “काहीच नाही.”

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मले वाटे, मीच काही बोलली असेन. इतकी वर्षं मी आठवूनच राह्यली होती.”

मला वाटत होतं, मी तिची शाळा बुडवली. तिचा स्वतःवरचा भरवसाही मी नेला होता, हे मला आज कळलं.

मी माफी मागितली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी तसं विचारलंही नाही. ती एवढंच म्हणाली, “इतक्या गोष्टी सांगतोस, तर ही पण सांगत जा. माझं नाव घालू नको.”

तिच्या सांगण्यावरून आज इथे सांगितली. पुढच्या फेरीपासून कमळजादेवीच्या देवळाशी सांगेन.