कातडीचा दाह : कारण चाऱ्यात, निमित्त उन्हाचे



गाईच्या अंगावर फोड दिसले की आपण खरूज समजून मलम शोधतो. परंतु कित्येकदा मूळ कारण चाऱ्यात असते. शोभेचे झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकात भारतात आलेली घाणेरी, अर्थात टणटणी, आज माळरानांवर माजली आहे. टंचाईत भुकेले जनावर तिची पाने खाते. त्यांतील लँटाडीन हे विष यकृताला इजा करते. हरितद्रव्यापासून पोटात निर्माण होणारे फायलोएरिथ्रिन एरवी पित्तावाटे बाहेर पडते. आता ते रक्तात साठते, आणि ऊन लागताच कातडी भाजते. पांढऱ्या केसांखालची कातडी, नाकपुडी व सड सोलवटतात. काळा भाग बहुधा वाचतो. हीच या विकाराची खूण होय.

असे जनावर तत्काळ सावलीत बांधावे व पशुवैद्यास पाचारण करावे. पोटाची हालचाल मंदावल्याने तेथील विष पुढेही भिनत राहते. तेथे मलम काय करणार?

पांजरपोळात उन्हाळ्यापूर्वी वैरणीची गंजी आणि डोईवर छप्पर असावे. जखमेवरील उपचाराइतकीच ही पूर्वतयारीदेखील जीवदयाच आहे.